कार्यालयातील वर्णद्वेष : सहन करावा की बोलावे?

नाताळाच्या सुटीत परदेशी गेलेली आपली मुले-मुली धर्मग्रामात परत येतात, तेव्हा चर्चचे आवार गजबजून जाते. मिस्सानंतर हस्तांदोलने होतात, विचारपूस होते आणि आईवडिलांच्या चेहऱ्यांवर समाधान दिसते. अशाच एका सुटीत एक तरुण संगणक अभियंता आम्हाला एकांतात भेटावयास आला. त्याच्या अनुमतीने आणि त्याची ओळख उघड होणार नाही अशा रीतीने, त्याची हकिकत येथे देत आहोत.

हा तरुण अमेरिकेतील एका कंपनीत काम करतो. आपल्यापैकी अनेकांप्रमाणे त्याचे आडनाव पोर्तुगीज वळणाचे आहे. अर्जावरील नाव वाचून त्याला उत्साहाने मुलाखतीचे बोलावणे आले. मात्र पडद्यावर त्याचा चेहरा दिसताच क्षणभर शांतता पसरली. ‘आम्हाला वाटले होते, तू वेगळा दिसत असशील,’ असे एकजण हसत म्हणाला. नोकरी मिळाली आणि चेष्टाही मागोमाग आली. बैठकीत त्याच्या उच्चारांची नक्कल होई. त्याने सुचविलेली कल्पना कोणी मनावर घेत नसे, आणि आठवड्याने तीच कल्पना दुसऱ्याने मांडली की तिचे कौतुक होई. जेवणाच्या डब्याच्या वासावरून शेरे मारले जात.

त्याने हे घरी सांगितले, तेव्हा वडील म्हणाले, ‘बाबा, गप्प राहा. व्हिसा त्यांच्या हातात आहे.’ आई म्हणाली, ‘प्रभूनेही सहन केले. तूही हे दुःख त्याला अर्पण कर.’ दोघांच्याही बोलण्यात माया होती. परंतु त्या तरुणाने आम्हाला विचारले, ‘फादर, गप्प राहणे म्हणजेच क्षमा करणे का?’

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत तंत्रज्ञांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसाधारकांमध्ये निम्म्याहून कितीतरी अधिक भारतीय असतात. त्यांत आपल्या धर्मप्रांतातील मुलेही आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करू या.

वर्णद्वेषाची दोन रूपे

वर्णद्वेषाचे एक रूप उघड असते. कॅलिफोर्नियातील टेस्ला कंपनीच्या मोटार कारखान्यात ओवेन डियाझ हा कृष्णवर्णीय कामगार २०१५-१६ या काळात लिफ्ट चालवीत असे. आपल्याला वर्णवाचक शिव्या दिल्या गेल्या, अपमानकारक चित्रे काढली गेली, अशी तक्रार त्याने केली. ते न्यायालयात सिद्ध झाले. छळ रोखण्यासाठी कंपनीने पुरेशी पावले उचलली नाहीत, असा निष्कर्ष ज्यूरीने २०२१ साली काढला. नुकसानभरपाईची रक्कम पुढे बरीच कमी झाली आणि २०२४ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली, परंतु अन्याय झाला हे मान्य झाले.

दुसरे रूप छुपे असते. त्यात शिवी नसते. नाव ‘अवघड’ म्हणून परस्पर बदलले जाते, महत्त्वाच्या कामातून वगळले जाते, बढतीच्या वेळी ‘नेतृत्वगुण कमी’ असा मोघम शेरा मिळतो. पोप फ्रान्सिस यांनी ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या २०२० सालच्या परिपत्रकात वर्णद्वेषाची तुलना रूप पालटणाऱ्या विषाणूशी केली आहे. तो नाहीसा होत नाही, दडून बसतो, असे त्यांचे निदान आहे. आजच्या वातानुकूलित कार्यालयांना ते चपखल लागू पडते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक कठोर शब्द वर्णद्वेषाचा नसतो. कामातील चूक दाखविणे हे वरिष्ठांचे कर्तव्यच आहे. मग ओळखावे कसे? तीन प्रश्न विचारावेत. ही वागणूक वारंवार घडते काय? ती एका विशिष्ट वर्णाच्या वा देशाच्या माणसांच्याच वाट्याला येते काय? तिच्यामुळे आपल्या कामावर, बढतीवर वा मनःस्वास्थ्यावर परिणाम होतो काय? उत्तरे ‘होय’ अशी येऊ लागली, तर तो केवळ आपल्या मनाचा हळवेपणा नव्हे.

पवित्र शास्त्र काय सांगते?

देवाने मानवाला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले, ही आपल्या श्रद्धेची पायाभरणी आहे. गणना या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या कूशी, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूच्या, पत्नीवरून मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध कुरकुर करतात. मोशे स्वतः काही बोलत नाही, पण परमेश्वर मध्ये पडतो आणि मिर्याम कोडाने बर्फासारखी पांढरी होते. मोशे तिच्यासाठी प्रार्थना करतो. अन्यायाचा जाब आणि अन्याय करणाऱ्यासाठी विनवणी, या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आल्या आहेत.

पेत्राचीच गोष्ट घ्या. प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात त्याला लोकांनी कशावरून ओळखले? त्याच्या गालिली बोलीवरून. आज आपल्या मुलांच्या उच्चारांना हसणाऱ्यांनी आणि त्यामुळे खजील होणाऱ्या मुलांनीही हे ध्यानात ठेवावे, की ख्रिस्तसभेच्या पहिल्या प्रमुखाचे उच्चारही राजधानीत वेगळे वाटत होते.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाचा सहावा अध्याय तर आमच्या विषयाशी थेट भिडणारा आहे. यरुशलेमच्या आद्य ख्रिस्ती समूहात रोजच्या वाटपाच्या वेळी ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होत असे. तक्रार झाली. ‘तुमचा गैरसमज आहे’ किंवा ‘मुकाट्याने सोसा’ असे प्रेषित म्हणाले नाहीत. त्यांनी सर्वांना एकत्र बोलाविले आणि वाटपाची जबाबदारी सात विश्वासू पुरुषांवर सोपविली. त्या सातांची नावे पाहिली, तर सर्वच ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती, त्यांच्या भाषेची माणसे व्यवस्थेत आली. तक्रार करणे हा समूहद्रोह नव्हे, तिच्यातून समूहाचे हित साधते, हा धडा ख्रिस्तसभेने आपल्या बाल्यावस्थेतच गिरविला.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे वंश, वर्ण, सामाजिक स्थिती वा धर्म यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनोभावाशी विसंगत ठरविला. अमेरिकेतील बिशपांनीही १९७९ आणि २०१८ साली खास पत्रके काढून वर्णद्वेष हे पाप आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

दुसरा गाल पुढे करणे म्हणजे काय?

‘परंतु प्रभूने दुसरा गाल पुढे करण्यास सांगितले आहे ना?’ असे भाविक विचारतात. प्रभूच्या गालावर खरोखर चपराक बसली, तेव्हा त्याने काय केले ते योहानलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पाहावे. प्रमुख याजकासमोर एका शिपायाने येशूला मारले. येशूने उलट हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. आपण वावगे बोललो असलो तर ते दाखवून द्यावे आणि योग्य बोललो असलो तर का मारले ते सांगावे, असा शांत, सरळ प्रश्न त्याने केला.

संत पौलाने फिलिप्पै येथे अन्यायाने फटके खाल्ले. अधिकारी त्याला गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा त्याने आपल्या रोमन नागरिकत्वाची आठवण करून दिली आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरला. आपल्या कायदेशीर हक्काचा वापर करणे हा अहंकार असता, तर पौलाने तो केला नसता.

सूड न घेणे ही क्षमा आहे. द्वेष करणाऱ्याचा द्वेष न करणे ही क्षमा आहे. परंतु जे घडले ते घडलेच नाही असे भासविणे ही क्षमा नव्हे. त्याने अपराधी सुधारत नाही आणि आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या मुलालाही तेच भोगावे लागते.

प्रत्यक्षात काय करावे?

पहिली गोष्ट, लिहून ठेवावे. तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि उपस्थित व्यक्ती यांची नोंद त्याच दिवशी करावी. ही नोंद कंपनीच्या संगणकावर ठेवू नये. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रेही स्वतःकडे पाठवू नयेत, तो नियमभंग ठरतो.

दुसरी गोष्ट, शक्य असेल तेथे त्या व्यक्तीशी शांतपणे बोलावे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने दिलेला क्रम हाच आहे. आधी दोघांतच बोलावे, मग साक्षीदार घ्यावेत आणि त्यानंतर मंडळीपुढे जावे. एकट्याने बोलणे धोक्याचे वाटत असेल, तर विश्वासू सहकाऱ्याला सोबत घ्यावे.

तिसरी गोष्ट, तक्रार लेखी करावी. वरिष्ठ वा मनुष्यबळ विभाग यांना लिहिताना विशेषणे टाळावीत, घटना सांगाव्यात. आणि आपली अपेक्षा काय तेही लिहावे.

चौथी गोष्ट, कायदा जाणून घ्यावा. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो. पंधरा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तो लागू आहे, आणि त्याचे संरक्षण परदेशी कर्मचाऱ्यांनाही आहे. तक्रार केली म्हणून त्रास देणे हेही बेकायदेशीर आहे. समान रोजगार संधी आयोगाकडे सामान्यतः १८० दिवसांत, आणि अनेक राज्यांत ३०० दिवसांत, तक्रार नोंदवावी लागते. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीची नोकरी सुटल्यास दुसरी व्यवस्था करण्यासाठी सामान्यतः जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यामुळे वडिलांची भीती निराधार नाही. म्हणूनच पाऊल उचलण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि काही महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवावा.

पाचवी गोष्ट, एकटे राहू नये. तेथील धर्मग्रामात नाव नोंदवावे, तेथील धर्मगुरूंना भेटावे. झोप उडाली, मन खचले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि जे केवळ साक्षीदार आहेत त्यांच्याविषयी. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय अभियंत्याची वर्णद्वेषातून गोळ्या घालून हत्या झाली. काम आटोपून तो मित्रासोबत बसला होता. त्यांची ओळखदेखील नसलेला इयन ग्रिलट हा गौरवर्णीय तरुण हल्लेखोराला अडविण्यास धावला आणि जखमी झाला. आपल्याला गोळी झेलावी लागणार नाही. बैठकीत कोणाची नक्कल होत असताना ‘हे योग्य नाही’ एवढेच म्हणावयाचे आहे.

आरसा आपल्याकडेही वळवू या

येथवर वाचून अनेकांनी मान डोलावली असेल. आता थोडे कटू बोलतो. आपण केवळ अन्याय सोसणारे नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस येथील ज्यूरीने कॉग्निझंट या कंपनीबाबत असा निर्णय दिला, की भारतीय वंशाच्या नसलेल्या कर्मचाऱ्यांना तेथे भेदभावाची वागणूक मिळाली. कंपनीला हा निर्णय मान्य नाही. त्याआधी २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याला उच्चवर्णीय भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले, आणि त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. परंतु सातासमुद्रापार जाताना आपण सामानात जातही नेतो काय, हा प्रश्न त्या खटल्याने जगापुढे ठेवला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली.

आपल्या देशातही पाहा. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे भयभीत होऊन ईशान्य भारतातील हजारो तरुण-तरुणी बंगळुरू सोडून रेल्वेने गावी परतले. अफवेवर त्यांचा विश्वास बसला, कारण चेहरेपट्टीवरून हिणविले जाण्याचा अनुभव त्यांना रोजचा होता. त्यांच्यातील अनेकजण आपलेच ख्रिस्ती बंधु-भगिनी आहेत. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत आपली मुले त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात? आपल्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द अजून का असतो? आपल्या वाडीत कामास येणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चर्चमध्ये कोणत्या बाकावर जागा मिळते? भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही हा भेद अस्तित्वात असल्याचे त्यांना कबूल करावे लागले. येत्या प्रायश्चित्तकाळात या प्रश्नांवर आत्मपरीक्षण करावे.

जो स्वतः भेद करतो, त्याचा भेदाविरुद्धचा आवाज दुबळा ठरतो. आणि जो आपल्या घरी समानतेने वागतो, त्याला परक्या देशातही ताठ मानेने बोलता येते.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, ‘क्षमा कर, पण सत्य सांगूनच कर.’ त्याने घरी बसूनच नोंदी लिहून काढल्या. परत गेल्यावर त्याने लेखी तक्रार केली. चौकशी झाली आणि उच्चारांची नक्कल थांबली. बढतीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. परंतु गेल्या महिन्यात आलेल्या पत्रात त्याने कळविले, की नव्याने रुजू झालेल्या एका आफ्रिकन मुलीला कोणीतरी चिडविले, तेव्हा तो सर्वांसमोर बोलला.

पत्र वाचून आम्ही ते त्याच्या आईच्या हाती दिले. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘फादर, आता मी त्याला गप्प राहा म्हणणार नाही. त्याच्यासाठी रोजरी म्हणेन.’

आपणही दोन्ही करू या.