जुन्या पडद्यांचा दुसरा संसार

वसंतातल्या व्याख्यानांना भारदस्त विषयांची सवय असते. त्या मानाने आम्ही मागून घेतलेला विषय फारच घरगुती आहे. खिडकीवरून उतरवलेल्या जुन्या पडद्यांचे पुढे काय करावे, एवढाच प्रश्न आम्हांला मांडावयाचा आहे. तो ऐकून संयोजकही क्षणभर गप्प झाले. कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने मजुरी, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, पडद्यांवर कशाला? वाचकांच्याही मनात हेच येईल. म्हणून हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगितले पाहिजे.

एका जुन्या इमारतीतल्या कचेरीचे नूतनीकरण चालले होते. पश्चिमेच्या व्हरांड्यात बांबूचे चिक होते आणि आतल्या खिडक्यांना पट्ट्यांचे पडदे. वातानुकूलन यंत्रे आली, काळ्या काचा आल्या आणि जुने सगळे जिन्याखाली ढिगाने येऊन पडले. तेथे सफाईच्या कंत्राटावर एक बाई काम करीत. त्यांनी मुकादमाला विचारले, “यांतले दोन चिक नेऊ का?” मुकादम म्हणाला, “न्या की, नाहीतरी फेकायचेच आहेत.” संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्याने अडवले. मुकादमाने कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी बाईंना कामावर घेतले नाही. वर चोरीचा आळ आला.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा रडत नव्हत्या, रागावलेल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, कचरा म्हणून मीच गोळा करायचा, कचरा म्हणून मीच टाकायला न्यायचा, मग माझ्या घरी नेला की त्याचा माल कसा होतो?”

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. सव्वा महिना खेटे घातल्यावर बाई कामावर परत लागल्या. बुडालेली मजुरी काही मिळाली नाही. तडजोडीत ते दोन चिक मात्र मिळाले. ते त्यांना इतके का हवे होते, हे पाहण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि तेथे आमची शिकवणी सुरू झाली.

खोली पत्र्याची, एकच खिडकी, तीही पश्चिमेला. चैत्र-वैशाखात दुपारी तीननंतर आत बसवत नसे. बाईंनी चिक खिडकीला आतून बांधला होता आणि म्हणत होत्या की, अंधार झाला पण उकाडा तसाच आहे. आमच्याबरोबर बुरूडकाम करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, “अहो ताई, ऊन घरात आल्यावर त्याला अडवून काय उपयोग? नको असलेला पाहुणा ओसरीवरूनच परत पाठवायचा.” चिक त्यांनी बाहेरून बांधून दिला.

म्हाताऱ्यांनी जे अनुभवाने सांगितले त्याचे कारण आम्ही पुढे पुस्तकांत शोधले. सूर्याचा प्रकाश काचेतून आत येतो आणि ज्या वस्तूवर पडतो तिला तापवतो. तापलेली वस्तू जी उष्णता बाहेर टाकते ती काचेतून तशी परत जाऊ शकत नाही. पडदा आतून असला तर तापतो तो पडदा, आणि त्याची ऊब खोलीतच राहते. पडदा बाहेरून असला तर तापलेला पडदा आपली ऊब वाऱ्याला देऊन टाकतो. काच नसलेल्या उघड्या खिडकीलाही हाच न्याय बऱ्याच अंशी लागू पडतो. पडदा तोच, फक्त जागा बदलली की काम बदलते.

उरलेला चिक पत्र्यावर गेला. येथेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. चिक पत्र्याला चिकटून टाकला तर त्याची ऊब पत्र्यात उतरते. खाली आडवे बांबू देऊन मध्ये वीतभर हवा खेळती ठेवली, म्हणजे सावली पत्र्यावर पडते आणि ऊब वाऱ्याबरोबर जाते. कडा मात्र तारेने घट्ट बांधाव्यात आणि मृगाच्या आधी सगळे उतरवून ठेवावे. वाऱ्याने उडालेला चिक शेजाऱ्याच्या डोक्यात पडला, तर पुनर्वापराचे सगळे पुण्य तेथेच संपते.

आता जिनसांकडे वळू. पडदा म्हणून आपण ज्याला एका नावाने हाक मारतो तो निरनिराळ्या मालाचा असतो. माल ओळखल्यावाचून कात्री हातात घेऊ नये.

बांबूचा चिक ओळखायला सोपा. त्याचा पहिला शत्रू भुंगा. चिक झटकल्यावर पिठासारखी बारीक भुकटी पडली किंवा कामट्यांना टाचणीएवढी भोके दिसली, तर तो घरातल्या लाकडाजवळ आणू नये. निरोगी चिक कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावा. कापण्यापूर्वी, जेथे कापायचे त्याच्या दोन्ही बाजूंना सुतळीच्या गाठी मारून घ्याव्यात. नाहीतर एक धागा सुटला की सबंध चिक काड्याकाड्यांनी मोकळा होतो. लहान तुकडा मोरीच्या आडोशाला, कुंड्यांच्या सावलीला, भांडी निथळत ठेवण्याच्या फळीखाली उपयोगी पडतो. मोकळ्या कामट्या टोमॅटो-मिरचीच्या रोपांना आधाराला लावाव्यात. रंग किंवा रोगण दिलेला चिक पापड-सांडगे वाळवायला वापरू नये. कोरा असला तरी वर स्वच्छ धुतलेले धोतर अंथरावे.

वाळ्याच्या ताट्यांची गोष्ट थोडी निराळी. वाळा म्हणजे एका गवताची मुळे. ती ओली केली की पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते आणि वारा गार होतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम चालते. मुंबईच्या दमट हवेत पाणीच नीट वाळत नाही, तेव्हा गारवा कोठून येणार? जुन्या ताटीतली चांगली मुळे निवडून, धुऊन, सावलीत वाळवून त्यांच्या जुड्या कपड्यांच्या पेटीत ठेवाव्यात. चुरा कुंडीतल्या मातीवर पसरावा. माती लवकर सुकत नाही.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा कचेऱ्यांतून सर्वांत जास्त निघतो. पट्टी जोराने वाकवून पाहावी. घडीची खूण कायम राहिली तर ती ॲल्युमिनियमची. वाकून पुन्हा सरळ झाली तर बहुधा प्लास्टिकची. ॲल्युमिनियमची पट्टी साध्या कात्रीने कापते, पण कापलेली कड पात्यासारखी धारदार असते. कोपरे गोल करावेत आणि कडा घासकागदाने मोडाव्यात. तिच्यावर बॉलपेनने दाबून लिहिले तर अक्षरे कोरल्यासारखी उमटतात आणि शाई धुऊन गेली तरी वाचता येतात. आमच्या संघटनेच्या कचेरीत फाइलींच्या कपाटांवरची नावे अशाच पट्ट्यांवर आहेत. कुंडीतल्या रोपांची नावे, मिस्त्रींच्या पेटीतले खिळे-स्क्रूंचे कप्पे, अशी बारीकसारीक कामे पुष्कळ. उरलेल्या पट्ट्या भंगारात देताना दोऱ्या, प्लास्टिकच्या कड्या आणि वरची लोखंडी पेटी वेगळी करावी. सरमिसळ मालाला भाव कमी मिळतो. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवे करण्याला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. म्हणजे ही पट्टी कचऱ्यात पुरणे हा शुद्ध तोटा आहे.

कापडी उभ्या पट्ट्या चार-पाच इंच रुंद आणि पुरुषभर लांब असतात. कापड बहुधा पॉलिएस्टरचे आणि ताठर. दोन-तीन पट्ट्या जोडून शिवल्या की भाजीची पिशवी टिकाऊ होते. मुलांच्या वह्यांना कव्हरे होतात. फळ्यांवर अंथरता येतात. खाली बसवलेली वजने आधी काढावीत. हे कापड पेटते आणि वितळून अंगाला चिकटते, म्हणून शेगडीजवळ, देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ किंवा गरम पातेले धरायला ते कधीही वापरू नये. गुंडाळी पडद्याचे जाड कापड शिवणयंत्रावर झाकायला आणि त्याची नळी साध्या पडद्याचा दांडा म्हणून चालते.

राहता राहिले प्लास्टिक. येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आमचे कर्तव्य आहे.

वरच्या प्रकरणानंतर आम्हांला पुनर्वापराचे वेडच लागले. कोठे पडदे निघाले की आम्ही चिठ्ठी मिळवून ते वस्तीत आणू. एकदा पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे मोठे भारे मिळाले. उन्हाने त्या पिवळट पडल्या होत्या. हाताला पांढरी भुकटी लागत होती. आम्ही त्यांचे तुकडे करून बालवाडीतल्या मुलांसाठी अक्षरांच्या पट्ट्या केल्या आणि स्वतःवर खूश झालो. काही महिन्यांनी वाचनात आले की, १९९६ साली अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बाहेरून येणाऱ्या अशाच पडद्यांत शिसे असल्याचे जाहीर केले होते. प्लास्टिक टिकावे म्हणून त्यात शिसे घालीत. ऊन आणि उष्णता यांनी वरचा थर झिजला की शिशाची धूळ पृष्ठभागावर जमे, आणि मुलांनी हात तोंडात घातला की ती पोटात जाई. सहा वर्षांखालच्या मुलांना धोका सर्वांत अधिक. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि ज्याखाली ते निर्धोक म्हणता येईल असे रक्तातले प्रमाण ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमच्या पट्ट्यांत शिसे होते की नव्हते, हे तपासायला आमच्याजवळ साधन नव्हते. परंतु नाही असे छातीवर हात ठेवून सांगण्याचीही सोय नव्हती. आम्ही घरोघर जाऊन पट्ट्या परत गोळा केल्या. एका आईने विचारले, “दिल्या तेव्हा चांगल्या होत्या, आता वाईट कशा झाल्या?” आम्ही म्हणालो, “ताई, पट्ट्या त्याच आहेत. आम्ही तेव्हा अडाणी होतो.” आपल्याकडे २०२१ साली प्लास्टिकच्या पाण्याच्या नळांत वापरल्या जाणाऱ्या शिशासंबंधी नियम झाले, पण ते नळांपुरते आहेत, जुन्या पडद्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही. तेव्हा जुन्या, पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मुलांच्या हाती, अन्नाजवळ किंवा बिछान्याजवळ आणू नयेत. घरात कापू-घासू नयेत. बंबात तर मुळीच घालू नयेत. हे प्लास्टिक जळताना आम्लाचा धूर निघतो आणि डायऑक्सिनसारखी विषेही तयार होतात. जुन्या लाकडी पट्ट्यांवरचा रंगही शिशाचा असू शकतो. तो कोरडा खरवडू नये.

दुसरा धोका दोरीचा. पडदा वर-खाली करणाऱ्या दोरीचा फास लहान मुलाच्या गळ्यात बसून जगभर अनेक मृत्यू झाले आहेत. जुना पडदा घरात आला की पहिले काम म्हणजे लोंबती दोरी कापून फास मोडणे. पडदा परत टांगायचा असेल तर दोरी उंच खिळ्याला गुंडाळावी, आणि पाळणा किंवा खाट खिडकीखाली ठेवू नये.

हे सर्व सांगण्यामागे आमचा एक हेतू आहे. काटकसरीची व्याख्याने गरिबांना देण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. वस्तुतः काटकसर त्यांना शिकवावी लागत नाही. त्यांना लागते ती दोन गोष्टींची: वस्तू हक्काने घेता येण्याची सोय आणि ती निर्धोक असल्याची माहिती. या दोन्ही गोष्टी टाकणाऱ्याच्या हातात असतात. पडदा कशाचा आहे, किती जुना आहे, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक असते, उचलणाऱ्याला नसते. म्हणून वस्तू टाकली की जबाबदारीही टाकली, हा समज आम्हांला मान्य नाही.

पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली. कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणारा कामगार आहे, असे तिने ठामपणे मांडले. तिच्या सभासदांना टाकाऊ मालाची जी पारख आहे, ती आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला जन्मभर येणार नाही. पण त्यांचेही हात कापतात आणि त्यांच्याही छातीत धूर जातो. घरातून किंवा कचेरीतून पडदे काढणाऱ्याने चार साधी कामे केली तरी पुष्कळ होईल. बांबू, धातू, कापड आणि प्लास्टिक यांचे वेगळे गठ्ठे बांधावेत. दोऱ्यांचे फास कापून टाकावेत. धारदार कडा कागदात गुंडाळाव्यात. आणि चौथे काम सर्वांत लहान, परंतु आमच्या मते सर्वांत मोठे: एका कागदावर “हा माल अमक्यांना राजीखुशीने दिला आहे” असे लिहून खाली सही करावी.

ज्या बाईंपासून ही हकीकत सुरू झाली, त्यांच्या कचेरीत पुढे आम्ही तेवढी एक मागणी मान्य करून घेतली. मोडीत निघालेल्या सामानाची यादी फलकावर लागते, सफाईच्या कामगारांना आधी विचारले जाते आणि नेणाऱ्याला सहीची चिठ्ठी मिळते. बाईंच्या खिडकीवरचा चिक दोनदा नव्या सुतळीने बांधून झाला. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाशेजारी त्या दोन चिकांची चिठ्ठी अजून जपून ठेवलेली आहे.