दिवा ठाऊक, चित्रकार नाही

'मोनालिसा' जगप्रसिद्ध केली ती एका चोरानं. लिओनार्दोनं ती १५०३च्या सुमारास रंगवायला घेतली. पुढं ती फ्रान्सच्या राजांकडं आणि राज्यक्रांतीनंतर लूव्र संग्रहालयात गेली. जाणकार तिला वाखाणत, पण सामान्यांना तिचं फारसं अप्रूप नव्हतं. २१ ऑगस्ट १९११ रोजी विन्चेन्झो पेरुजा या इटालियन कारागिरानं ती लंपास केली. कवी अपोलिनेरला अटक झाली, पिकासोचीही चौकशी झाली आणि वर्तमानपत्रांनी तो चेहरा घरोघरी पोचवला. लोक लूव्रची रिकामी भिंत बघायला रांगा लावू लागले! १९१३च्या डिसेंबरात चित्र फ्लॉरेन्सला सापडलं, तोवर त्याला ओळखत नाही असं कुणी उरलं नव्हतं.

आपल्याकडचं असंच गाजलेलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलाय आणि बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतोय. नाव 'ग्लो ऑफ होप'. छापील प्रतींमुळं हे चित्र देशभर पोचलं, पण पुष्कळांनी ते राजा रविवर्म्यांच्या नावावर जमा केलं. खरं तर ते १९४५-४६ साली रंगवलं सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. रविवर्मा तर १९०६ मध्येच वारले होते. दिवा धरणारी मुलगी म्हणजे हळदणकरांची लेक गीता. २०१८ मध्ये कोल्हापुरात वयाच्या १०२व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा बातम्यांमुळं अनेकांना खरा चित्रकार कळला.

चित्र जलरंगातलं आहे, हे तर आणखी कमी जणांना माहीत. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. जलरंगात मात्र कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो राखायचा तर हात पहिल्यापासून नेमका पडावा लागतो. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत कलाशाळा काढली आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव मागं पडावं, याला माझ्या मते आपला आळस कारण. मोनालिसाच्या प्रत्येक प्रतीसोबत लिओनार्दोचं नाव जातं. आपण चित्र भिंतीवर लावतो आणि खालचं नाव वाचत नाही.

बीडहून दक्षिणेच्या सहलीला निघालेली मंडळी म्हैसूरचा राजवाडा चुकवत नाहीत. कलादालन उघडं आहे ना, एवढं आधी विचारून जगनमोहन पॅलेसही बघा आणि सोबतच्या पोरांना हळदणकरांचं नाव सांगा.