धावपळ नाही, तरी खेळ

नुसती कसरत म्हणजे खेळ नव्हे. ठरलेले नियम, प्रतिस्पर्धी, मोजता येणारा निकाल आणि नियम राखणारी संघटना असली, की शारीरिक कृती सहसा खेळात मोडते. सकाळचे फिरणे व्यायाम. चालण्याची शर्यत खेळ.

कंपाउंड तिरंदाजी
धावपळ नसलेला असाच एक खेळ: कप्प्या लावलेल्या धनुष्याची तिरंदाजी. बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जवकार याचा हा प्रकार. जागचे हलायचे नाही. कस लागतो तो खांद्याचा, पाठीचा, श्वासाचा.

• अंतर ५० मीटर, लक्ष्याचा व्यास ८० सेंमी.
• वैयक्तिक लढत: १५ बाण, कमाल १५० गुण.
• मे २०२३, शांघाय विश्वचषक: अंतिम लढतीत प्रथमेशची नेदरलँड्सच्या माइक श्लोसरवर १४९-१४८ अशी मात. एका गुणाचा फरक!
• ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ आशियाई स्पर्धा: ओजस देवतळे, अभिषेक वर्मा यांच्यासह सांघिक सुवर्ण.
• ऑलिंपिक: तिरंदाजी १९७२ पासून सलग, कंपाउंड २०२८ मध्ये प्रथमच, तेही फक्त मिश्र सांघिक.