एका फाइलीत मावणारे बॉटल

पायथॉन शिकणारा विद्यार्थी बऱ्याचदा एका टप्प्यावर अडतो. हिशेब करणारा, फाइली वाचणारा प्रोग्रॅम त्याला लिहिता येतो. पण तोच प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालवायचा कसा, हे कळत नाही. कुणीतरी जँगो हे वेब फ्रेमवर्क शिकायला सुचवतो. जँगो उत्तमच आहे, पण तिथे स्वतःची पहिली ओळ लिहिण्याआधीच सेटिंग्जसकट बऱ्याच तयार फाइली समोर येतात आणि त्यातली कोणती कशासाठी, हे समजून घेण्यातच उत्साह ओसरतो. अशा वेळी बॉटल कामाला येते.

मार्सेल हेलकाम्प या जर्मन प्रोग्रॅमरने २००९ मध्ये हे वेब फ्रेमवर्क सुरू केले. ते पूर्णपणे एका फाइलीत आहे. पायथॉनबरोबर जी प्रमाण लायब्ररी मिळते, तिच्यापलीकडे त्याला काहीही लागत नाही. एमआयटी परवान्यामुळे ते कुणीही वापरावे, बदलावे, विकण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घालावे. मूळ परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवावा लागतो. पिपने इन्स्टॉल करता येते. तेही नको असेल, तर ती फाइल आपल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली की झाले. इंटरनेट नसलेल्या संगणक कक्षात पेन ड्राइव्हवरून आणली तरी चालते.

पहिला प्रोग्रॅम चार-पाच ओळींचा. बॉटलमधून ‘रूट’ आणि ‘रन’ ही दोन फंक्शन्स इम्पोर्ट करायची. आपले एक फंक्शन लिहायचे, जे ‘नमस्कार’ एवढा मजकूर परत देईल. त्याच्या डोक्यावर ‘रूट’चा डेकोरेटर लावून कुठल्या पत्त्यावर ते चालावे, हे सांगायचे. शेवटी ‘रन’ला हाक मारायची. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ८०८० हा पोर्ट उघडला की नमस्कार दिसतो. अमुक पत्ता आला की तमुक फंक्शन चालवायचे, हा वेबचा गाभा इथे उघड्यावर दिसतो.

पुढची पायरी म्हणजे पत्त्यातला बदलता भाग. कोनी कंसात नाव लिहिले की पत्त्याचा तेवढा तुकडा फंक्शनला मिळतो. त्याला ‘इंट’ हे फिल्टर जोडले तर फक्त पूर्णांक चालतात. आकड्याच्या जागी अक्षरे आली तर तो मार्ग जुळतच नाही आणि समोरच्याला ४०४ मिळतो. पानांसाठी बॉटलचे स्वतःचे छोटे टेम्प्लेट इंजिन आहे. दुहेरी महिरपी कंसातला मजकूर ते निर्धोक करून छापते, म्हणजे कुणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टाकली तर ती चालत नाही, नुसती दिसते.

या सगळ्याच्या तळाशी एक करार आहे. फिलिप एबी यांनी २००३ मध्ये डब्ल्यूएसजीआय हा प्रस्ताव मांडला आणि पायथॉनचे वेब सर्व्हर व प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी कसे बोलावे, हे ठरले. २०१० मध्ये पायथॉन ३ साठी त्याची सुधारित आवृत्ती आली. बॉटल हा करार पाळते, म्हणून तोच प्रोग्रॅम गनिकॉर्न किंवा वेट्रेस अशा सर्व्हरवरही चालतो. याची गरज पडतेच, कारण बॉटलबरोबर मूळचा जो सर्व्हर चालतो, तो एका वेळी एकच विनंती हाताळतो. शिकायला तो पुरतो. गर्दीच्या संकेतस्थळाला नाही.

याच करारातून मराठी माणसाला हमखास भेटणारी एक अडचण निघते. फॉर्ममध्ये ‘पुणे’ लिहून पाठवले आणि बॉटलच्या ‘गेट’ या मेथडने ते वाचले, तर ०.१३ पर्यंतच्या आवृत्त्यांत पुण्याऐवजी मात्रा डोक्यावर घेतलेली रोमन अक्षरे आणि मधूनच येनची खूण दिसते. कारण सोपे आहे. ‘पुणे’मध्ये युनिकोडची चार चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ते १२ बाइट डब्ल्यूएसजीआयच्या रिवाजानुसार लॅटिन-१ म्हणून वाचले जातात, म्हणजे एका बाइटला एक अक्षर. ‘गेट’ऐवजी ‘गेटयुनिकोड’ वापरले, किंवा टिंब देऊन थेट रकान्याचे नाव लिहिले, की पुणे पुण्यासारखे दिसते. पत्त्यातून आलेला देवनागरी मजकूर बॉटल आपणहून नीट वाचते आणि बाहेर जाणारे पान यूटीएफ-८ मध्येच पाठवते. दुरुस्ती लागते ती फॉर्ममधून आणि पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढून येणाऱ्या माहितीला.

आणखी एक खबरदारी. काम करताना ‘डीबग’ आणि ‘रीलोडर’ चालू ठेवावेत. फाइल जतन केली की सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू होतो आणि चूक कुठे झाली ते पानावर दिसते. प्रोग्रॅम लोकांसाठी खुला करताना मात्र दोन्ही बंद करावेत, नाहीतर आपल्या कोडचे तपशील परक्यांनाही दिसतील.

एका फाइलीतल्या फ्रेमवर्कची थट्टाही झाली. १ एप्रिल २०१० रोजी आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रॅमरने एका फाइलीत सगळे कोंबलेले एक खोटे फ्रेमवर्क जाहीर केले. अनेकांनी ते खरे मानले. लोकांना असे काही हवे आहे, हे त्यातून दिसले आणि त्याच महिन्यात त्याचे फ्लास्क हे खरे फ्रेमवर्क आले. आज पसारा आणि पूरक लायब्रऱ्या यांत फ्लास्क बॉटलच्या कितीतरी पुढे आहे.

लॉगिन, डेटाबेसची मॉडेल्स, अॅडमिनची पाने बॉटलमध्ये नाहीत आणि ती आहेत असा आवही ते आणत नाही. ज्याला हे सगळे तयार हवे, त्याने जँगोच घ्यावे. घरातल्या यंत्राचे छोटे नियंत्रण पान, कार्यालयातली अंतर्गत नोंदवही किंवा वर्गातला प्रकल्प यांसाठी बॉटल पुरेसे आहे. शिकणाऱ्याला मात्र त्याचा सर्वात मोठा फायदा वेगळाच आहे. त्याचा सगळा कोड काही हजार ओळींचा आहे आणि तो चिकाटीने वाचून संपवता येतो. पहिला नमस्कार छापून झाला की ती फाइल एडिटरमध्ये उघडा, ‘रूट’ शोधा आणि तिथून वाचायला लागा.