नावेतील नळ हिवाळ्यात का फुटतात?

अमेरिकेच्या नकाशावर सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला डलूथ नावाचे बंदर आहे. उन्हाळ्यात तेथील धक्क्यांवर लहानमोठ्या खाजगी बोटी ओळीने उभ्या असतात. जानेवारीत मात्र तेथील सरासरी तापमान उणे १२° सेल्सिअसच्या आसपास असते. मोठ्या जहाजांना सुपीरियरमधून खालच्या सरोवरांत नेणारे सू येथील जलपाशसुद्धा दरवर्षी १५ जानेवारी ते २५ मार्च बंद ठेवतात. छोट्या बोटी त्यापूर्वीच, शरद ऋतूत, यारीने उचलून जमिनीवर लाकडी टेकूंवर ठेवल्या जातात.

बोट जमिनीवर आली म्हणजे चिंता मिटली असे वाटेल. पण बोटीच्या पोटात एक छोटे घर असते. पिण्याच्या पाण्याची टाकी, विजेवर चालणारा पंप, एक लहान गीझर, दोनतीन नळ, शॉवर आणि शौचकूप. या सर्वांना जोडणाऱ्या नळ्या तक्तपोशीखालून वळसे घेत जातात. त्यांत पाणी राहिले, तर हिवाळ्यात त्या फुटतात. कशा फुटतात ते आधी समजून घेऊ, म्हणजे त्यावरचा उपाय पाठ करावा लागणार नाही.

बहुतेक द्रव गोठताना आकसतात. पाणी उलट वागते. ४° सेल्सिअसपर्यंत ते इतर द्रवांसारखे आकसते, पण त्याखाली थोडे थोडे फुगू लागते आणि बर्फ होताना त्याचे आकारमान एकदम सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात आणि त्या जाळीत मोकळी जागा पुष्कळ असते. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो आणि सरोवर वरून गोठले तरी तळचे मासे जिवंत राहतात. माशांना तारणारा हा गुणच नळांचा मात्र घात करतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बर्फ फुगून नळीच्या भिंतीला आतून ढकलतो व ती तडकते, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा प्रकार निराळा असतो. नळी सर्वत्र एकाच वेळी गोठत नाही. थंड कोपऱ्यात प्रथम बर्फाचे बूच तयार होते. ते लांबीच्या दिशेने वाढते आणि पुढचे पाणी बंद नळाकडे रेटते. पाण्याला जायला वाट नसते आणि ते फारसे दाबलेही जात नाही, म्हणून दाब भराभर वाढतो. बोटीच्या पंपाचा नेहमीचा दाब दोनतीन वातावरणांइतका असतो. पाण्याचा गोठणबिंदू दाबाने केवळ १° सेल्सिअसने खाली आणायला सुमारे १३० वातावरणांचा दाब लागतो. म्हणजे उणे ५ अंशांत कोंडलेले पाणी कित्येक शे वातावरणांचा दाब निर्माण करू शकते. तितका होण्याच्या आतच कोठेतरी काहीतरी तुटते, आणि ते सर्वांत दुबळ्या ठिकाणी. प्लास्टिकची नळी थोडी ताणली जाते, पण सांध्याचा तुकडा, पंपाचे डोके किंवा नळाची पितळी कुडी ताणली जात नाही.

आता उपाय. तो बोटीचा मालक स्वतःच एका दुपारी करू शकतो.

प्रथम सगळे नळ उघडून पंप चालवायचा आणि टाकी रिकामी करायची. मग गीझरची वीज बंद करायची. हे विसरून चालत नाही, कारण पाण्याविना तापलेली गीझरची कांडी थोड्याच वेळात जळून जाते. वीज बंद झाल्यावर आणि पाणी निवल्यावर गीझरच्या तळाचे बूच काढून तो पूर्ण रिता करायचा. असा गीझर सहज २० लिटरांचा असतो.

एवढे करूनही पंपात व नळ्यांच्या सखल वळणांत पाणी उरतेच. हवा फुंकली तरी सगळे निघत नाही. म्हणून त्याची जागा दुसऱ्या द्रवाने भरून काढतात. हा गुलाबी द्रव म्हणजे पाण्यात मिसळलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल. त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळून बर्फाची जाळी जमू देत नाहीत. याचाच भाऊ एथिलीन ग्लायकॉल मोटारीच्या रेडिएटरमध्ये वापरतात. तो चवीला गोड, पण विषारी असतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. पिण्याच्या पाण्याच्या नळीत तो चुकूनही जाता कामा नये. रंगावर विसंबू नये, डब्यावरचा मजकूर वाचावा.

गीझरमध्ये हा द्रव भरणे म्हणजे नुसती उधळपट्टी. म्हणून गीझरकडे जाणारी आणि त्यातून येणारी नळी एकमेकींना जोडून त्याला वगळतात. पंपाची शोषणनळी टाकीपासून सोडवून सरळ द्रवाच्या डब्यात बुडवतात आणि पंप सुरू करतात. मग एकेक नळ उघडायचा. आधी थंड बाजू, मग गरम. आधी स्वच्छ पाणी येते, मग फिकट गुलाबी, मग दाट गुलाबी. दाट रंग येईपर्यंत थांबायचे. शौचकूपाचा पंपही त्याच द्रवाने भरायचा आणि मोरीच्या वाकड्या पाइपात थोडा द्रव ओतायचा. बोटीच्या मागच्या टोकाला पाय धुण्यासाठी लावलेला छोटा शॉवर हमखास विसरला जातो, आणि वसंतात नेमका तोच गळतो.

फिकट गुलाबीवर समाधान का मानायचे नाही? डब्यावर ‘उणे ५०’ असे ठळक छापलेले असते. हे अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ४६° सेल्सिअस. पण तो द्रवाचा गोठणबिंदू नव्हे. द्रव त्याच्या कितीतरी आधी, उणे दहाबारा अंशांच्या सुमारास, गोठू लागतो. तरीही नळी फुटत नाही, कारण आधी शुद्ध पाण्याचे स्फटिक वेगळे होतात आणि उरलेला द्रव अधिकाधिक दाट होत जातो. बर्फाच्या गोळ्याऐवजी मऊ रबडी बनते. ती सरकू शकते, म्हणून दाब कोंडत नाही. छापलेला आकडा या फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. वजनाने ३० टक्के ग्लायकॉल असलेले पाणी सुमारे उणे १३ अंशांवर गोठू लागते. नळीत उरलेल्या पाण्याने ते निम्मे पातळ झाले, तर उणे ५ वरच. तेव्हा डब्यावरचा आकडा खरा असला तरी आपल्या नळीत तो खरा राहत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे घरी पाहता येते. प्लास्टिकच्या दोन वाट्या घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत दोन भाग साखर व एक भाग पाणी उकळून केलेला आणि गार झालेला पाक. रात्रभर दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी चमचा रुतवून पाहा. काचेची भांडी मात्र वापरू नका. आता तुम्ही विचाराल, मग स्वस्त मीठ का नाही वापरत? त्यानेही गोठणबिंदू उतरतो, पण पितळ आणि लोखंड गंजते.

एक जागा अजून उरली. इंजिनाला गार ठेवणारे सरोवराचे पाणी बोटीच्या तळातील झडपेतून आत येते. इंजिनातील त्या पाण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते, तो निराळ्या लेखाचा विषय. पण ही झडप पुष्कळदा बॉल व्हॉल्व्ह असते, म्हणजे तिच्या आत भोक पाडलेला एक धातूचा गोळा फिरतो. झडप बंद केली की भोकातले पाणी तेथेच अडकते. माणसाला वाटते, बंद केली म्हणजे सुरक्षित. प्रत्यक्षात तेच घोटभर पाणी गोठून झडपेची कुडी तडकवते. बोट जमिनीवर घेतल्यानंतर झडप उघडून पाणी गळू द्यायचे आणि ती उघडीच ठेवायची. बोट पाण्यातच ठेवली असेल आणि आतली हवा फार गारठली, तर हीच झडप तडकू शकते. बर्फ असेपर्यंत भेग बुजलेली राहते. तो वितळला की पाणी आत शिरू लागते आणि कोणी जवळ नसेल तर बोट धक्क्यालाच बुडते.

वसंतात झडपा बंद करून बोट पाण्यात सोडतात, गीझर पुन्हा जोडतात, टाकी ताज्या पाण्याने भरतात आणि गुलाबी रंग, फेस व चव जाईपर्यंत नळ वाहू देतात. मग सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवायचा. दाब पुरेसा झाला की तो आपोआप थांबतो. नळ न उघडता काही मिनिटांनी तो पुन्हा घुरघुरला, तर कोठेतरी गळती आहे. मग विजेरी आणि कोरडा कागद घेऊन तक्तपोशीखाली शिरायचे आणि एकेक सांधा पुसून पाहायचा.