डबीत उरलेल्या गोळ्या

इंदूरच्या एखाद्या जुन्या मराठी घरातील आजी डोळ्यांपुढे आणा. आजोबांच्या पश्चात त्यांची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, पूजेतही मन रमेना. डॉक्टरांनी नैराश्य ओळखून रोजची एक गोळी लिहून दिली. महिन्याने सुनेने डबी उघडली, तो निम्म्या गोळ्या तशाच!

आजी विसराळू नव्हत्या. रक्तदाबाची गोळी त्यांनी कधी चुकविली नव्हती. मग हीच का राहिली? शेजारीण म्हणाली, "नामस्मरण करा, गोळ्या कशाला?" भावाने बजावले, "ही वेड्यांची औषधं, सवय लागते." एकादशीला गोळी चालेल का, हे विचारण्याचा संकोच वाटला. शिवाय या वयात मुलाच्या पदराला खार कशाला, हा विचार होताच.

आपल्यासारख्या परप्रांतात स्थायिक झालेल्या घरांत आणखी एक अडचण असते. "जीव घाबरतो, हातपाय गळतात," असे आजी सांगतात. नातू हिंदीभाषी डॉक्टरांना त्याचे 'कमजोरी' एवढेच करून सांगतो. मग आजींनाही ती गोळी शक्तीचीच वाटते आणि आठ दिवसांत शक्ती आली नाही की ती निरुपयोगी ठरते.

वास्तविक या औषधांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, वृद्धांना कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. मळमळीसारखा त्रास मात्र आरंभीच होतो. बरे वाटू लागल्यावरही औषध साधारणतः सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे लागते. दारूसारखे व्यसन त्याचे लागत नाही. परंतु ते एकाएकी सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश जाणवतो आणि लोक त्यालाच 'सवय' म्हणतात. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावे. वृद्धांमध्ये काही गोळ्यांनी रक्तातील सोडियम घटते, तोलही जातो. अशा वेळी गोळी लपवून ठेवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगणे श्रेयस्कर. आणि औषधाने व्रतभंग होत नाही, हे तर आपल्या धर्मशास्त्रानेच मान्य केले आहे.

तात्पर्य, गोळी आजी घेतात, पण ती चालू ठेवते सारे घर. सुनेने दवाखान्यात सोबत जावे, आजींचे शब्द जसेच्या तसे सांगावेत, गोळी रक्तदाबाच्या गोळीशेजारीच ठेवावी. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. आणि गोळी दिल्यावर घटकाभर आजींजवळ बसावे. त्याला तर चिठ्ठीही लागत नाही.