मास्तरांची पेटी

जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींची बदली झाली, म्हणजे त्यांच्या सामानात एक जड पेटी हमखास असायची. तीत पुठ्ठ्याची घड्याळे, चिंचोक्यांच्या पुरचुंड्या आणि रात्री जागून रंगविलेले तक्ते. पेटी गुरुजींबरोबर गावाबाहेर जाई आणि मागून येणारे नवे गुरुजी पहिल्या तक्त्यापासून श्रीगणेशा करीत. केवढा हा अपव्यय!

आता तोच तक्ता संगणकावर होतो आणि सार्वजनिक भांडारात ठेवता येतो. एन.सी.ई.आर.टी.ने 2013 साली असे एक मुक्त भांडार उघडले. 5 सप्टेंबर 2017 रोजी 'दीक्षा' सुरू झाले. दहावीच्या 2018 च्या पुस्तकांत पाठापाठाशी ठिपक्यांची चौकोनी नक्षी आली, ती या दीक्षाचीच वाट. 2020 साली 'विद्यादान' या नावाने शिक्षकांकडून साहित्यही मागविण्यात आले. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामासाठी ते ओळखले जातात. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटून टाकली, हे वाचकांना आठवत असेलच.

पण नुसते घेऊन दाखविणे पुरेसे नाही. समजा, पुण्याच्या एका बाईंनी गुणाकारासाठी कोथिंबिरीच्या जुड्यांचे सुरेख गणित केले. ते उमरेडच्या वर्गात आले. आता उमरेडकडे कोथिंबिरीला म्हणतात सांबार! पुण्याच्या मुलाला सांबार म्हटले की इडली आठवते, तो भाग वेगळा. उमरेडच्या गुरुजींना जुडीचे नाव बदलावेसे वाटेल, भाजीऐवजी शेजारच्या भिवापुरी मिरचीची पोती मांडावीशी वाटतील, वाघाच्या धड्याला कऱ्हांडल्याचे जंगल जोडावेसे वाटेल. हे करण्याची मुभा त्यांना आहे का?

इथेच सारी मेख आहे. मूळ कर्त्याने 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा योग्य परवाना दिला असेल तर आहे. त्याचे काही प्रकार निव्वळ वाटू देतात, बदलू देत नाहीत. काही बदलू देतात, पण धंदा करू देत नाहीत. कर्त्याचे नाव मात्र राखलेच पाहिजे. व्हॉट्सॲपवरून गावभर फिरणाऱ्या चित्रफितींत नेमके हे नावच आधी गळते. ज्या बाईंनी घरचे सारे आटोपून मध्यरात्री ती केली, त्यांनाच चार महिन्यांनी कुणी अनोळखी ती 'नवीन आहे, जरूर पाहा' म्हणून धाडतो. पुढच्या वेळी त्या आपले काम बाहेर देतील का?

आणखी एक साधी गोष्ट. पुष्कळ जण साहित्याचा छापील पानासारखा पक्का साचाच देतात; त्यात दुसऱ्याला अक्षर हलविता येत नाही. मूळ, बदलता येणारी फाइलही सोबत ठेवली, तर उमरेडचे गुरुजी दहा मिनिटांत सांबार लिहितील, खाली पुण्याच्या बाईंचे नाव ठेवतील, आपले जोडतील, आणि मिरचीच्या पोत्यांचे ते गणित पुन्हा भांडारात जाईल.